ओहोटी नसलेला समुद्र

पृथ्वीप्रदक्षिणेचे दोन मार्ग आपल्या पुराणांनी सांगून ठेवले आहेत. एक कार्तिकस्वामींचा; मोरावर मांड ठोकून खरोखरच सारी पृथ्वी हिंडून यावयाची. दुसरा गणपतीचा, आईबापांना एक फेरी घालून मोकळे व्हावयाचे आणि फळ पदरात पाडून घ्यावयाचे. भूगोलाच्या मास्तरांनी तिसरा मार्ग शोधून काढला आहे. नकाशा खिळ्याला अडकवावा, छडीचे टोक त्यावर टेकावे, एका तासात दोन खंड ओलांडावेत आणि घंटा होताच मधल्या सुट्टीच्या चहाला हजर व्हावे. चौतीस वर्षे मी याच मार्गाने हिंडलो. ह्या प्रवासात मला कधी बोट लागली नाही, कधी सामान हरवले नाही, की पारपत्र नावाच्या वस्तूची गरज भासली नाही. २०१३ साली निवृत्त झालो तेव्हा शाळेने शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचे घड्याळ दिले. छडी मात्र मी मागून घेतली.

अशा माणसाने सत्तरी गाठल्यावर भूमध्य समुद्रातल्या एका बेटावरील वाळूच्या किनाऱ्यावर जाण्याचा बेत करावा, ही गोष्ट आमच्या आळीत कोणी फारशी मनावर घेतली नाही. शेजारच्या वकीलसाहेबांनी सुपारी कातरता कातरता विचारले, "मास्तर, सत्तरीत लोक काशीला जातात. तुम्ही हे कुठलं बेट काढलंत?" मी म्हणालो, "माल्टाच्या शेजारचं." "आणि माल्टा कुणाच्या शेजारी?" मी छडी आणावयास उठलो तेव्हा ते घाईने म्हणाले, "राहू द्या, राहू द्या. तुम्ही म्हणता म्हणजे असणारच."

वाचकांवर मात्र मी छडी उगारणार नाही. इटलीच्या बुटाच्या टोकाशी सिसिली आहे हे आपणांस आठवत असेलच. तिच्या दक्षिणेला सुमारे ९० किलोमीटरवर माल्टा आहे. माझ्या शाळेतल्या नकाशात ते मसुरीच्या डाळीएवढेही नव्हते. समुद्रात छापलेले त्याचे नावच बेटापेक्षा मोठे. वर्गात मी त्याच्यावरून शेकडो वेळा छडी फिरवली असेन, पण ती तिथे कधी थांबली म्हणून नाही. थांबली ती आमची थोरली तिथे परिचारिका म्हणून नोकरीला गेली तेव्हा. मुलगी गेली की बेट मोठे होते. त्या डाळीएवढ्या ठिपक्यावर आता एक इस्पितळ आले, एक दोन खोल्यांची जागा आली, त्या जागेत पोहे मिळत नाहीत ही तक्रार आली, आणि आमच्या घरी भिंतीवर दुसरे घड्याळ आले. शाळेचे घड्याळ इथली वेळ दाखवते, दुसरे तिथली. उन्हाळ्यात साडेतीन तासांचे अंतर, हिवाळ्यात साडेचार. हे एक तास पुढेमागे करण्याचे काम आमची मंडळी करतात, वर्षातून दोनदा, स्टुलावर चढून. मी चढलेला त्यांना चालत नाही.

गेल्या आषाढात मुलीचा फोन आला. "बाबा, या वर्षी तुम्ही दोघांनी यायचंच. काय काय बघायचं ते सांगा, म्हणजे मी रजा तशी टाकते."

मी विचार न करता म्हणालो, "रामला."

आत पोळ्या करीत असलेली ही तिथूनच म्हणाली, "रामाला? म्हणजे पंचवटीला ना? मग त्यासाठी तिकडे कशाला जायचं?"

फोनवर मुलगी हसली, आणि मग एकदम गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, "बाबा, रामला म्हणजे समुद्रकिनारा आहे. वाळूचा."

"ठाऊक आहे."

"तुम्ही आम्हाला लहानपणी कधी पाण्याला पायसुद्धा लावू दिला नाहीत."

"तेही ठाऊक आहे," मी म्हणालो, आणि फोन हिच्या हातात दिला.

त्या दिवसापासून मी दोनशे पानी वही घेऊन बसलो आहे. बेत आखणे हा माझ्या मते प्रवासाचा उत्तम भाग. पाय दुखत नाहीत आणि चुका खोडरबराने पुसता येतात. पहिल्या पानावर मी सवयीप्रमाणे लिहिले: स्थान, विस्तार, हवामान, लोकजीवन. हे जे रामला, ते खुद्द माल्टावर नाही. त्याच्या वायव्येला गोझो नावाचे धाकटे बेट आहे, त्याच्या उत्तर किनाऱ्यावर आहे. अक्षांश ३६, म्हणजे आपल्या श्रीनगराहूनही उत्तरेला. गोझोचे क्षेत्रफळ ६७ चौरस किलोमीटर. हा आकडा लिहिताना मला कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला म्हणून जुनी टिपणे काढली, तर कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतची आपली मूळची मुंबई जवळजवळ तेवढीच भरते. तेवढ्याच जागेत २०११ च्या शिरगणतीला मुंबईत ३१ लाखांच्या आसपास माणसे होती. गोझोवर सारी मिळून चाळीस हजारांच्या घरात. ही म्हणाली, "म्हणजे गाडीत बसायला जागा मिळेल." भूगोलाचा असा थेट उपयोग मला वर्गात कधी करून दाखविता आला नव्हता.

दुसरे पान भाषेचे. माल्टाची भाषा म्हणजे एक नवलच आहे. अरबांनी ८७० साली ते बेट घेतले. पुढे अरबांचे राज्य गेले, नॉर्मन आले, १५३० पासून १७९८ पर्यंत संत जॉनचे सरदार होते, मग थोडे दिवस फ्रेंच, मग इंग्रज. १९६४ साली देश स्वतंत्र झाला. एवढी राज्ये आली नि गेली, पण बाजारात भाजी घेताना लोक जी भाषा बोलतात तिचा सांगाडा अजून अरबीच. लिपी रोमन, धर्म कॅथलिक, आणि देवाला हाक मारायची ती 'आल्ला' म्हणून. रामला म्हणजे वाळू, हमरा म्हणजे तांबडी. 'रामला ल-हमरा' म्हणजे नुसती 'तांबडी वाळू'. स्पेनातल्या अलहंब्रा राजवाड्याच्या नावातही हाच तांबडा रंग आहे. लोह मिसळल्यामुळे त्या वाळूला तांबूस सोनेरी छटा आली आहे, इतकाच अर्थ. नावे ठेवणारा माणूस असाच असावा. जे समोर दिसते ते म्हणावे आणि पुढे चालू लागावे.

गोझोच्या मुख्य गावाची गंमत तर मी वकीलसाहेबांनाही ऐकवली. त्या गावाचे जुने नाव रबात. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षे झाली म्हणून त्याचे नाव व्हिक्टोरिया ठेवण्यात आले. त्याच जुबिलीत आपल्या बोरीबंदरच्या नव्या स्टेशनालाही तिचेच नाव पडले. आपण १९९६ साली ते बदलून छत्रपतींचे नाव दिले. गोझोकरांनी काही बदलले नाही, पण बोलताना ते आपले रबातच म्हणतात. माझे वडील शेवटपर्यंत बोरीबंदरच म्हणत. राणी आली आणि गेली. लोकांच्या तोंडची नावे तिने ऐकलीही नसतील.

आणि मुंबईहून तिकडे जाणारे आम्ही काही पहिले नव्हे. १८७८ साली रशियाला धाक दाखविण्यासाठी इंग्रज सरकारने सुमारे सात हजारांची हिंदी फौज मुंबईहून जहाजांत घालून सुवेझमार्गे माल्टाला नेली होती. बेटावर तंबू पडले, माल्टातले लोक शिपायांना पाहावयास गर्दी करून आले. पुढे लढाई झालीच नाही. त्या शिपायांना माल्टा कसे दिसले असेल, कोण जाणे. त्यांना बेत आखावा लागला नव्हता, एवढे मात्र खरे.

आम्हांला आखावा लागला, कारण आम्हांला परवाना काढावयाचा आहे. माल्टा युरोपातल्या शेंगेन मंडळात आहे; त्यामुळे एक परवाना मिळाला की अनेक देशांची दारे उघडतात, पण तो एक मिळविताना अनेक जन्मांचे कागद काढावे लागतात. विवाहाचा दाखला, पेन्शनचे पुस्तक, बँकेचा उतारा, मुलीचे पत्र, तीस हजार युरोंचा प्रवासी विमा, डोईपाठी नव्वद युरो शुल्क. पण मला गंमत वाटली ती एका अपेक्षेची. तुम्ही जाणार कसे याची त्यांना फारशी चिंता नाही. तुम्ही परत येणार, याचा पुरावा पाहिजे. इथे घर आहे का, जमीन आहे का, कोणी माणूस मागे आहे का? मी घरपट्टीची पावती जोडली. तिच्या पाठीमागे लिहावेसे वाटले, "साहेब, आम्ही घराबाहेरच कधी गेलो नाही, परत न येण्याची कला आम्हांस कोठून अवगत असणार?"

परत येण्यावरून आठवले. रामल्याच्या किनाऱ्यावर डोंगराच्या कडेला एक गुहा आहे. ती कॅलिप्सोची गुहा म्हणून सांगतात. ग्रीकांच्या महाकवीने ओडिसीत सांगितलेली कथा अशी, की ट्रॉयच्या युद्धानंतर घरी निघालेला ओडिसियस जहाज फुटून ओगिजिया नावाच्या बेटाला लागला. तिथे कॅलिप्सो नावाच्या अप्सरेने त्याला सात वर्षे ठेवून घेतले. तुला अमर करते, म्हणाली. त्याला काय कमी होते? पण तो रोज समुद्रकाठी जाऊन बसे आणि घराच्या दिशेला पाहून रडे. शेवटी देवांनीच निरोप पाठवला तेव्हा तिने त्याला तराफा बांधावयास लाकूड दिले. ओगिजिया म्हणजेच गोझो, असे गोझोकर मानतात. पुरावा काही नाही. पण आपल्याकडे सीतेच्या न्हाणीला तरी कोणी पुरावा मागतो? त्या गुहेचा खडक खचू लागल्यामुळे तिच्या आत उतरणे पुढे बंद करण्यात आले. मला त्याचे वाईट वाटले नाही. मला गुहा पाहावयाची नाही. रोज किनाऱ्यावर येऊन बसणारा माणूस जिथे बसत असेल ती वाळू पाहावयाची आहे.

इथपर्यंत वही हिने वाचली होती. पुढचे पान मी तिला दाखवले नव्हते. त्या पानावर एकच मथळा आहे: भरती-ओहोटी.

भूगोलाच्या साऱ्या पुस्तकात हा एक धडा मी कधी पुस्तक उघडून शिकवला नाही. चंद्र पाण्याला ओढतो. अमावास्या-पौर्णिमेला सूर्यही त्याला सामील होतो आणि उधाण येते. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ एकमेकांच्या आड येते आणि भांगाची भरती होते. फळ्यावर दोन वर्तुळे आणि एक लंबगोल काढला की झाले. मुलांना वाटे, मास्तरांचा हा धडा फार आवडता असावा. पाठ होता, एवढेच. माझा तो वयाच्या तेराव्या वर्षी पाठ झाला.

आमचे गाव रत्नागिरीच्या उत्तरेला, एका खाडीच्या तोंडाशी आहे. १९६८ सालची गोष्ट. दिवाळी आठ दिवसांवर आली होती आणि घरात फराळाची गडबड. आम्ही दोघे भाऊ आईच्या पायांत पायांत करीत होतो, म्हणून तिने आम्हांला पुळणीवर पिटाळले. धाकटा नऊ वर्षांचा. निघताना आई म्हणाली, "त्याचा हात सोडू नको." चकलीचा सोऱ्या हातात होता तिच्या, मान वर न करता म्हणाली.

ओहोटी लागली होती. ओली वाळू दूरवर चकचकत होती आणि तिच्यावर शिंपल्या पसरल्या होत्या. किल्ल्याला लावावयास शिंपल्या हव्यात, असे धाकट्याचे म्हणणे. आम्ही वेचीत वेचीत खाडीच्या तोंडाशी गेलो. ओहोटीच्या वेळी भरल्या खाडीचे सारे पाणी तेवढ्याशा तोंडातून समुद्राकडे धावते. वरून ते पाणी शांत दिसते. सुरकुतीदेखील नसते त्याच्यावर. बंदराकडून एक गलबत शीड सोडून बाहेर पडत होते. शीड वाऱ्याने भरते तो क्षण मला फार आवडे. डोळ्यांवर ऊन येत होते, म्हणून कपाळावर आडवा हात धरावा लागला. एका हातात शिंपल्यांचा डबा होता. दुसरा हात मी धाकट्याच्या हातातून काढून घेतला.

एवढेच घडले. शीड भरले, गलबत वळले, आणि मी खाली पाहिले.

तिसऱ्या दिवशी पुढल्या गावच्या कोळ्यांना तो सापडला. त्या वर्षी आमच्या घरी किल्ला झाला नाही. पुढेही कधी झाला नाही. आईने मला एका शब्दाने विचारले नाही, तेव्हाही नाही आणि १९९१ साली ती गेली तोपर्यंतही नाही. तिने विचारले असते तर मी काहीतरी उत्तर दिले असते, आणि त्या उत्तरावर बहुधा आयुष्यभर जगलो असतो. नारळी पौर्णिमेला ती समुद्राला नारळ पाठवी, पण तो दुसऱ्या कोणाच्या तरी हाती. मी देशावर नोकरी धरली ती शाळा चांगली म्हणून, असे लोकांना सांगत आलो. खरे कारण इतकेच, की तिथून समुद्र दिसत नसे. मुलांना घेऊन मुंबईला गेलो तर चौपाटीवर आम्ही भेळ खाल्ली ती पाण्याकडे पाठ करून. हिला हे सारे मी लग्नानंतर पहिल्या वर्षी एकदा सांगितले. तिने ऐकून घेतले आणि पुन्हा तो विषय काढला नाही. मुलींना, काका लहानपणीच गेला, इतकेच ठाऊक.

आता रामला का, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. भूमध्य समुद्राचे तोंड फार अरुंद आहे. जिब्राल्टरपाशी ते जेमतेम चौदा किलोमीटर. अटलांटिकची भरती त्या फटीतून आत शिरू शकत नाही, आणि आतला समुद्र काही इतका मोठा नाही की चंद्राने त्याला स्वतंत्रपणे ओढून दाखवावे. कोकणात उधाणाच्या दिवशी पाणी दोन-अडीच मीटर चढते-उतरते, मुंबईत चार मीटरांहूनही अधिक. माल्टापाशी हा फरक वीतभर. वीतभर! चौतीस वर्षे हे मी मुलांना सांगत आलो: "भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी जवळजवळ जाणवत नाही." परीक्षेत एका गुणाचा प्रश्न. पण मुलगी तिथे जाऊन राहिली, तिने किनाऱ्याचे चित्र पाठवले, आणि एके रात्री मला जाग आली ती या वाक्याने. पृथ्वीच्या पाठीवर असा समुद्र आहे, की जो मागे जात नाही. ज्याच्या काठावर मुलाने उभे राहावे आणि मोठ्या भावाने खुशाल गलबताकडे पाहावे.

म्हणून मी 'रामला' म्हणालो. मला वाटले, भूगोलाने शेवटी माझ्यावर मेहरबानी केली.

परंतु भूगोल कोणाला फुकट काही देत नाही. मुलीने सुचविले होते की वाळूच पाहावयाची तर माल्टावरच मेल्लीहाची खाडी आहे. पाणी दूरपर्यंत उथळ, लहान मुले खेळतात. "रामलाच कशाला, बाबा? वारा असला की तिथे पाण्याला ओढ असते." मी म्हणालो, "ओढ कशी असेल? ओहोटीच नाही." ती म्हणाली, "ते मला ठाऊक नाही. लाल बावटा लावतात, एवढं मी पाहिलंय."

मी नकाशा उघडला, आणि पाचवीतल्या मुलाला जे दिसावे ते मला दिसले. रामल्याचे तोंड उत्तरेला आहे. दोन बाजूंना डोंगराचे हात आणि मधे वाळू. उत्तरेचा किंवा वायव्येचा वारा सुटला की तो लाटा लोटून त्या ओंजळीत आणतो. आलेले पाणी कुठून तरी परत गेलेच पाहिजे, आणि ते तळाशी वाट काढून परत जाते. चंद्र नसला म्हणून काय झाले, वारा आहेच. पाण्याला जावयाचे असते, आणि जाताना ते काहीतरी बरोबर नेते. वाऱ्यांची नावेही तिथल्या लोकांनी ठेवली आहेत: वायव्येचा तो मज्जिस्त्राल, ईशान्येचा तो ग्रिगाल, वाळवंटावरून येणारा आग्नेयेचा तो श्लोक्क. शेवटचे नाव ऐकून हिला आनंद झाला. मला मात्र त्या दिवशी जेवण गेले नाही. पृथ्वीवरचा एक किनारा तरी निर्दोष निघावा, अशी माझी फार इच्छा होती.

चार दिवस वही बंद होती. मग मी रामल्याचा इतिहास वाचू लागलो. बेत मोडण्यासाठीच म्हणा ना. त्या किनाऱ्याकडे पाहून दुसरे कोणी भ्याले होते का, हे मला पाहावयाचे होते. भ्याले होते, आणि माझ्याहून मोठ्या कारणाने. १५५१ साली तुर्की आरमार गोझोवर उतरले आणि बेटावरची सुमारे पाच हजार माणसे, म्हणजे जवळजवळ सारे बेटच, गुलाम करून घेऊन गेले. पुढे अठराव्या शतकात सरदारांनी रामल्याच्या उपसागरात पाण्याखालून एक दगडी भिंत घातली, शत्रूच्या होड्या वाळूपर्यंत येऊ नयेत म्हणून. भिंतीचे अवशेष अजून पाण्यात आहेत, आणि वाळूखाली त्याहून जुना एक रोमन बंगला पुरलेला आहे. म्हणजे ज्या किनाऱ्यावर रोमन माणसाने हौसेने घर बांधले, त्याच किनाऱ्यावर पुढे लोकांनी भीतीने भिंत बांधली. आणि आज त्या दोहोंच्या मधे मुले वाळूचे किल्ले करतात. किनाऱ्यामागच्या दरीत शेते आहेत. निळ्या चिकणमातीचा थर पाणी धरून ठेवतो म्हणून तिथे झरे आहेत आणि भाजीपाला पिकतो. लोक रामल्याला भ्याले, पण ते सोडून गेले नाहीत. बावटा पाहतात. वारा पाहतात. दक्षिणेचा असला तर पाण्यात उतरतात, उत्तरेचा असला तर वाळूवर बसून भाकरी खातात.

हे वाचताना मला आमच्या गावच्या त्या कोळ्यांची आठवण झाली. तिसऱ्या दिवशी जे धाकट्याला घेऊन आले, तेच चौथ्या दिवशी पहाटे होडी घेऊन गेले होते. तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आता वाटते, समुद्राशी भांडण ठेवणे ही चैन फक्त किनारा सोडून गेलेल्या माणसाला परवडते.

वही पुन्हा उघडली. काळ ठरवला तो आश्विनाचा, म्हणजे सप्टेंबरची अखेर. तिथली गर्दी ओसरलेली असते, आणि समुद्र मात्र उन्हाळाभर तापलेला असतो. पाणी जमिनीसारखे चटकन निवत नाही, हा धडा आठवीला आहे. मुंबईहून मधे एके ठिकाणी विमान बदलून माल्टा. दोन दिवस मुलीच्या घरी विश्रांती. तिसऱ्या दिवशी बसने बेटाच्या उत्तर टोकाला, चिर्केव्व्याला. तिथून बोटीने गोझो. ती खाडी ओलांडावयास बोटीला पंचवीस मिनिटे लागतात. मी बोटीत बसेन का, हे हिने विचारले नाही. मी आपण होऊनच लिहिले: "बोटीत मधल्या बाकावर." मग बसने रबात, आणि तिथून दुसरी बस डोंगर उतरून रामल्याला. वाटेवर शाऱ्याला जगांतियाची दगडी देवळे आहेत. इजिप्तच्या पिरॅमिडांहून हजारएक वर्षांनी जुनी म्हणतात; ती परतीच्या दिवशी ठेवली. वाऱ्यासाठी एक दिवस हातचा राखला. एक दिवस उत्तरेचा वारा निघाला तर दुसरा असावा.

शेवटच्या पानावर मी मुख्य दिवसाचे वेळापत्रक मांडले. "सकाळी निघणे. किनाऱ्यावर पोहोचणे. बावटा पाहणे. वाळूवर बसणे. डबा खाणे. परत." एवढे लिहून वही टेबलावर ठेवली आणि शतपावलीला गेलो.

परत आलो तेव्हा ही भिंतीवरच्या दुसऱ्या घड्याळाकडे पाहत होती. मुलीची पाळी सुटावयाची वेळ झाली होती. वही टेबलावरच होती, पण तिच्यात पेन्सिल खोचलेली दिसली. उघडली. "वाळूवर बसणे" आणि "डबा खाणे" यांच्या मधल्या जागेत, हिच्या धोब्याच्या हिशेबाच्या अक्षरांत, एक ओळ वाढवलेली होती: "पाण्यात. घोट्यापर्यंत. दोघांनी."

मी खोडरबर शोधले नाही. पाय वाळून त्यांवरची वाळू झटकावयास थोडा वेळ लागेल, हे मात्र हिच्या लक्षात आले नसावे. तेव्हा परतीची गाडी तेवढी मी पुढची धरली आहे.